वळचणीचे पाणी जाते कुठे?



आपल्याला पाऊस काही नवा नाही. मृग लागला की माथेरानच्या डोंगरावर ढग उतरतात. दोन दिवसांत गाढी नदी तांबडी होते. कौलांवरून पागोळ्या गळू लागतात. लहानपणी आपण त्या पागोळ्यांखाली हात धरून उभे राहत होतो. पण ते पाणी पुढे कुठे जाते, हे आपण कधी विचारले नाही.

मीही विचारले नव्हते. चाळीस वर्षे शाळेत मुलांना जलचक्र शिकवले. समुद्राची वाफ होते, वाफेचे ढग होतात, ढगांचा पाऊस होतो, असे फळ्यावर बाण काढून दाखवले. पण माझ्याच वळचणीचे पाणी कुणाच्या दारात जाते, ते मला निवृत्त झाल्यावर कळले. तेही शेजारणीने सांगितले म्हणून. तीच गोष्ट आज सांगतो.

माझी चूक

निवृत्त झालो तेव्हा हातात थोडे पैसे आले. घरापुढे मातीचे अंगण होते. पावसाळ्यात चिखल व्हायचा आणि पायऱ्या खराब व्हायच्या. घरच्यांचेही म्हणणे पडले की एकदा अंगण पक्के करून टाकावे. मी गवंडी बोलावला आणि सगळ्या अंगणात सिमेंटचा कोबा घातला. परसातही तेच केले. उतार गल्लीकडे ठेवला. पाणी दारात थांबायला नको, एवढेच मनात होते.

पहिल्याच पावसात अंगण धुतल्यासारखे स्वच्छ झाले. मला फार समाधान वाटले.

जुलैमध्ये एका रात्री पाऊस कोसळला. सकाळी गल्लीच्या खालच्या टोकाला राहणाऱ्या वहिनी दारात आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, रागावू नका, पण एक सांगते. काल रात्री पाणी आमच्या उंबऱ्यावरून आत आलं. तांदळाचा डबा भिजला. मुलीची सगळी वह्यापुस्तकं भिजली. यंदा तिची दहावी आहे. एवढ्याशा पावसात पूर्वी आमच्याकडे पाणी येत नव्हतं."

मी म्हणालो, "पाऊसच जास्त झाला असेल."

त्या म्हणाल्या, "पाऊस तेवढाच झाला, गुरुजी. गेल्या दोन वर्षांत वरच्या पाच घरांची अंगणं सिमेंटची झाली, तुमचंही झालं. ते पाणी आता कुठं जाणार?"

मला उत्तर देता आले नाही. त्या गेल्यावर मी वही-पेन्सिल घेतली आणि हिशेब मांडला. तो हिशेब तुम्हीही मांडा. सोपा आहे.

पावसाचा हिशेब

पाऊस मिलिमीटरने मोजतात. वर्तमानपत्रात येते, 'आज शंभर मिलिमीटर पाऊस झाला.' याचा अर्थ काय? सपाट जमिनीवर पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, तर ते शंभर मिलिमीटर उंच साचेल. म्हणजे सुमारे चार इंच.

आता एक सूत्र लक्षात ठेवा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर तो बरोबर एक लिटर होतो.

माझ्या घराचे छप्पर १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. म्हणजे ६० चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६० गुणिले १००, म्हणजे ६,००० लिटर पाणी झाले. एका हंड्यात १५ लिटर पाणी मावते असे धरले, तर हे ४०० हंडे झाले. एका दिवसात, एका छपरावरून!

अंगण ३० चौरस मीटर. त्यावर ३,००० लिटर, म्हणजे २०० हंडे. अंगण मातीचे होते तेव्हा यातले बरेच पाणी जमिनीत जिरत होते. बाकीचे खळग्यांत थांबत थांबत, सावकाश बाहेर पडत होते. सिमेंटवरून बहुतेक सगळे वाहून जाते, आणि तेही ताबडतोब.

हा 'ताबडतोब' फार महत्त्वाचा आहे. गटाराला पाण्याचे वावडे नसते, त्याला घाईचे वावडे असते. तेच पाणी सहा तासांत आले तर गटार ते मुकाट्याने वाहून नेते. अर्ध्या तासात आले तर गटार तुंबते आणि पाणी रस्त्यावर येते. रस्त्यावर आले की सर्वांत खालचे घर शोधते.

आमच्या गल्लीत अशी वीस घरे आहेत. सगळ्यांची छपरे माझ्याएवढी धरली, तर १०० मिलिमीटर पावसात नुसत्या छपरांवरून १,२०,००० लिटर पाणी उतरते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरा. म्हणजे बारा टँकर! ते एका अरुंद गटारात रिकामे करून वर आपण म्हणतो, गटार तुंबले कसे?

वहिनींचे म्हणणे खरे होते. पाऊस तेवढाच होता. आम्ही वरच्या लोकांनी आपापले अंगण कोरडे केले आणि ते पाणी खालच्यांच्या माजघरात पाठवले.

पूर्वीचे लोक काय करत होते?

पूर्वीचे लोक फार शहाणे होते आणि आजचे मूर्ख आहेत, असे मी म्हणणार नाही. पूर्वीही पूर येत होते. पण पूर्वीच्या घरांत आणि गावांत पाणी थांबायला जागा होत्या. त्या आठवून पाहा.

घरामागे परसू असे. न्हाणीचे पाणी अळूच्या वाफ्यात आणि केळीच्या बुंध्याशी जात असे. कडेला कर्दळ असे. नारळाभोवती आळे असे. विहीर असे. शेताला बांध असत. एका खाचरातले पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात उतरत असे. भातशेती म्हणजे पावसाला जागोजागी थोडा वेळ बसवून ठेवण्याची युक्तीच होती.

गावात तळी होती. आपल्या पनवेलला वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे अशी तळी आहेत. तळे म्हणजे गावाचे मोठे भांडे. पावसात ते भरते आणि आजूबाजूच्या विहिरींना झरे देते.

खाडीकडे आणखी एक व्यवस्था होती. खाडीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून लोक मातीचे बांध घालत. त्या बांधाला उघाडी असे. ओहोटीला ती आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि शेतातले पाणी खाडीत जाते. भरतीला बाहेरच्या पाण्याने ती आपोआप बंद होते. खाडीच्या काठाला तिवरांचे रान असे. ते लाटांचा जोर मोडत असे.

आता पनवेल पुष्कळ बदलले आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी ती एक. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या पलीकडे-अलीकडे नवी मुंबई उभी राहू लागली. पुढे नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर अशा वसाहती झाल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेलची महानगरपालिका झाली आणि या वसाहती तिच्यात आल्या. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला.

हे सगळे व्हायला नको होते, असे माझे म्हणणे नाही. माणसांना घरे हवीत आणि कामधंदा हवा. पण जिथे भातखाचरे होती तिथे इमारती आल्या. खाचर पाणी थांबवत होते. इमारत आणि रस्ता पाणी ढकलतात. आमच्या ओळखीचे एक म्हातारे कोळी आहेत. ते म्हणतात, "गुरुजी, पानी आपली वाट इसरत नाय. इसरतो तो मानूस."

सिडकोने हे ओळखून नव्या वसाहतींत धारण तलाव बांधले. इंग्रजी शब्द 'होल्डिंग पाँड' तुम्ही ऐकला असेल. तत्त्व आपल्या उघाडीचेच. भरतीच्या वेळी झडपा बंद होतात, शहराचे पाणी तलावात थांबते. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जाते. कळंबोलीसारखा भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. तिथे असा तलाव नसेल, किंवा तो गाळाने भरला असेल, तर पावसाला जायला जागाच उरत नाही.

जगात काय चालले आहे?

ही अडचण फक्त आपली नाही. अमेरिकेत मेरीलँड नावाचे राज्य आहे. तिथल्या एका जिल्ह्यात १९९० च्या सुमारास लोकांनी वेगळा विचार केला. मोठमोठी गटारे बांधत बसण्याऐवजी पाऊस पडेल तिथेच त्याला थांबवावे, असे त्यांनी ठरवले. प्रत्येक घराच्या आवारात एक खोलगट वाफा केला. त्यात झाडे लावली. छपराचे पाणी त्यात सोडले. अशा वाफ्याला ते 'रेन गार्डन' म्हणतात. आपण त्याला 'पाऊसवाफा' म्हणू. आपल्या परसातल्या अळूच्या वाफ्याचा तो चुलतभाऊच आहे.

चीन देशाने २०१३ मध्ये ठरवले की शहरे स्पंजासारखी करायची. स्पंज पाणी पितो आणि मग हळूहळू सोडतो. तसे शहराने करावे. बागा, तळी, पाणी झिरपणारे रस्ते त्यांनी केले. त्याचा उपयोग झाला, पण त्याला मर्यादाही आहे. ती पुढे सांगतो.

या सगळ्या उपायांचे सूत्र एकच: पाण्याला पळवू नका. त्याला थांबवा, पसरवा, जिरवा आणि उरलेले हळू सोडा.

आधी जमीन विचारा

अंगण फोडायचे ठरवल्यावर मी आधी एक परीक्षा केली. तुम्हीही करा. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा खणा. तो काठोकाठ पाण्याने भरा. ते पाणी जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि घड्याळ बघा.

पाणी रातोरात जिरले, तर जमीन पाणी पिणारी आहे. मुरमाची जमीन बहुधा अशी असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाणी तसेच राहिले, तर जमीन चिकण आहे, किंवा खाली लगेच काळा पाषाण आहे. तिथे खड्डा खणून उपयोग नाही.

ही परीक्षा उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा करावी. माझ्या परसात मुरूम निघाला. पाणी सकाळपर्यंत गेले. खाडीकडे राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने जुलैमध्ये खड्डा खणला, तर त्यात खालूनच पाणी वर आले! खाडीकाठी पावसाळ्यात भूजल इतके वर येते. तिथे पाणी मुरवायचे म्हणणे म्हणजे भरलेल्या घड्यात पाणी ओतणे. तिथे पाणी टाकीत साठवावे, आणि घराचे जोते उंच ठेवावे. एकाला लागू पडणारे औषध दुसऱ्याला चालेलच असे नाही.

मी काय केले?

१. अंगण मोकळे केले. सिमेंटचा कोबा फोडला. ये-जा करायला दीड फूट रुंदीची फरशीची वाट ठेवली. फरशांमधल्या फटी वाळूने भरल्या. बाकी अंगणात बारीक खडी पसरली आणि कडेने गवत लावले. चिखल होत नाही आणि पाणीही जिरते. सोसायटीत पेव्हर ब्लॉक घालतात तेव्हाही हेच सांगा. खाली खडीचा थर हवा, फटीत वाळू हवी. खाली काँक्रीट ओतून वर ब्लॉक बसवले, तर ते दिसायला ब्लॉक आणि गुणाने कोबाच.

२. पाऊसवाफा केला. परसात, भिंतीपासून दहा फूट दूर, ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असा वाफा खणला. तळाशी खडी, वर वाळू, त्यावर शेणखत मिसळलेली माती घातली. हे सर्व भरूनही वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट खोल ठेवला. त्यात अळू, कर्दळ आणि सोनटक्का लावला. या झाडांना पाय ओले चालतात. सहा चौरस मीटर वाफ्यात अर्धा फूट, म्हणजे १५ सेंटिमीटर पाणी साचले, तर ते ९०० लिटर होते. वाफा भरला की जादा पाणी जाण्यासाठी एका बाजूला दगडांची सांड ठेवली. सांड ठेवायला विसरू नका. नाहीतर पाणी स्वतःच वाट काढते, आणि ती वाट आपल्या सोयीची नसते.

३. शोषखड्डा केला. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. तळाशी मोठे दगड, वर लहान दगड, त्यावर खडी. आता हिशेब नीट करा. रिकाम्या खड्ड्यात १,००० लिटर पाणी मावले असते. दगड भरल्यावर मोकळी जागा साधारण एक तृतीयांश राहते. म्हणून ३५० लिटरच्या आसपास मावते. पुष्कळ जण इथे फसतात.

४. पन्हळ बसवली. निम्म्या छपराचे पाणी पन्हळीतून वाफ्यात आणि खड्ड्यात आणले. पन्हळीच्या तोंडाशी जाळी बसवली, म्हणजे पाने अडकत नाहीत.

आता याने किती काम होते ते पाहू. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर निम्म्या छपरावरून, म्हणजे ३० चौरस मीटरवरून, १,५०० लिटर पाणी येते. वाफ्यात ९०० आणि खड्ड्यात ३५०, मिळून १,२५० लिटर मावले. उरलेल्यातले काही त्याच तासात जमिनीत जिरले. म्हणजे मोठ्या सरीतही निम्म्या छपराचे पाणी जवळजवळ पूर्ण घरात राहिले. पूर्वी ते सगळे गल्लीत जात होते.

काही जण विचारतात, "गुरुजी, एक पिंप ठेवलं तर नाही का चालणार?" पिंप जरूर ठेवा. झाडांना, भांड्यांना, धुण्याला उपयोगी पडेल. पण अशा सरीत माझ्या पूर्ण छपरावरून मिनिटाला ५० लिटर पाणी येते. दोनशे लिटरचे पिंप चार मिनिटांत भरते. पिंप हे वापरासाठी, वाफा आणि खड्डा पुरासाठी. दोन्हींची कामे वेगळी आहेत.

मोठ्या इमारतींनी काय करावे?

माझ्या छपराएवढी आठ छपरे एका मोठ्या इमारतीच्या गच्चीत सहज बसतात. ५०० चौरस मीटरची गच्ची असेल, तर १०० मिलिमीटर पावसात ५०,००० लिटर पाणी मिळते. म्हणजे पाच टँकर. तीच सोसायटी एप्रिल-मेमध्ये पैसे मोजून टँकर मागवते! पनवेलचे देहरंग धरण पावसाळ्यात भरून वाहते आणि उन्हाळ्यात तळ गाठते. जुलैमध्ये फुकट मिळालेले पाणी गटारात सोडायचे आणि मेमध्ये विकत घ्यायचे, याला व्यवहार म्हणत नाहीत.

मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जमिनीत मुरवण्याची सोय करणे राज्याच्या नियमांनी सक्तीचे केले आहे. पुष्कळ ठिकाणी ती सोय कागदावर असते, किंवा बांधून झाल्यावर तिच्याकडे कुणी बघत नाही. खड्डा गाळाने भरतो, नळी तुटते. सोसायटीच्या वार्षिक सभेत उभे राहून एकच प्रश्न विचारा: "आपल्या गच्चीचं पाणी कुठं जातं? मला ती जागा दाखवा." हा प्रश्न विचारायला मोठे शिक्षण लागत नाही.

जुन्या विहिरी असतील, तर गच्चीचे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडता येते. पहिले दोन-तीन पाऊस मात्र बाहेर जाऊ द्यावेत. त्यांत गच्चीची धूळ, पक्ष्यांची घाण असते.

झाडांच्या बुंध्याभोवती सिमेंट करू नये. निदान एक मीटर जागा मोकळी ठेवावी. झाड पाऊस पानांवर झेलते, मुळांनी जमीन भुसभुशीत ठेवते. ते विनापगारी काम करते, तेव्हा त्याचा गळा आवळू नये.

सांभाळायच्या गोष्टी

चांगले कामही अर्धवट केले तर त्रास होतो. म्हणून पुढील गोष्टी पाळा.

पहिली गोष्ट डासांची. वाफ्यातले पाणी दोन दिवसांत जिरले पाहिजे. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. दोन दिवसांत पाणी गेले तर डास होत नाहीत. चार दिवस पाणी राहत असेल, तर वाफा चुकला आहे. त्यात आणखी वाळू घाला किंवा सांड खाली घ्या. पिंपाला झाकण हवेच.

दुसरी गोष्ट घाण पाण्याची. पावसाच्या खड्ड्यात संडासाचे किंवा मोरीचे सांडपाणी कधीही सोडू नका. ते विहिरीत उतरते. सांडपाण्याचा शोषखड्डा वेगळा असतो. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी सांडपाण्याचे शोषखड्डे करून उघडी गटारे आणि डास यांपासून सुटका करून घेतली. ते काम फार चांगले, पण ते वेगळे काम.

तिसरी गोष्ट पायाची. घराच्या भिंतीला लागून पाणी मुरवू नका. दहा फूट अंतर ठेवा. शेजाऱ्याच्या भिंतीपासूनही तेवढेच अंतर ठेवा.

चौथी गोष्ट उताराची. डोंगराच्या कडेला, तीव्र उतारावर घर असेल, तर तिथे पाणी मुरवण्याचा प्रयोग करू नका. जमीन पाण्याने जड होऊन सरकते. २६ जुलै २००५ च्या सुमारास आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात जुई गावावर दरड कोसळली आणि पुष्कळ माणसे गेली. उतारावर पाणी बाजूने वळवून सुरक्षित ओढ्यात सोडावे आणि जाणकाराला विचारावे.

पाचवी गोष्ट सफाईची. दरवर्षी वैशाखात वाफा, खड्डा, पन्हळ साफ करा. खड्ड्यातले वरचे थर काढून धुऊन पुन्हा भरा. गाळ साचलेला खड्डा म्हणजे नुसते दगडांचे थडगे.

याने पूर थांबेल का?

इथे खरे सांगितले पाहिजे. नाही, प्रत्येक पूर थांबणार नाही.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नाही. पाऊस असा लहरी असतो. आपल्याकडेही त्या दिवशी गाढीचे पाणी वस्तीत शिरले. माझ्या छपरावर ९४४ मिलिमीटर पडला, तर साडेछप्पन्न हजार लिटरच्या वर पाणी होईल. माझा वाफा आणि खड्डा मिळून साडेबाराशे लिटर. म्हणजे समुद्रापुढे पेला.

चीनमधील झेंगझोऊ शहराने स्पंज शहरासाठी पुष्कळ खर्च केला होता. २० जुलै २०२१ ला तिथे एका तासात २०१ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. शहर बुडाले, माणसे दगावली. स्पंज पूर्ण भिजला की तो आणखी पाणी पीत नाही.

मग उपयोग काय? उपयोग असा. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. २००५ सारखा दिवस एखादाच येतो. पण तीस, पन्नास, सत्तर मिलिमीटरचे दिवस दर पावसाळ्यात पुष्कळ येतात. वहिनींच्या घरात पाणी आले ते अशाच एका रात्री. ते पाणी घरोघरी अडवता येते. मोठ्या पुरासाठी मात्र मोठी कामेच हवीत. नदीचे पात्र मोकळे हवे. नाल्यात राडारोडा नको. धारण तलावांतला गाळ निघायला हवा. तिवरे आणि तळी जपायला हवीत. ती कामे महानगरपालिकेची, सिडकोची आणि सरकारची. आपण वाफा केला म्हणून त्यांची जबाबदारी सुटत नाही. त्यांची कामे राहिली म्हणून आपली सुटत नाही.

आणखी एक ध्यानात घ्या. पुराचे पाणी वरच्या घरातून येते आणि खालच्या घराला लागते. खाली बहुधा गरीब माणूस राहतो. वरच्याने खर्च करायचा आणि फायदा खालच्याला व्हायचा, म्हणून हे काम मागे पडते. पण आपली पागोळी आपली जबाबदारी, एवढे मानले तर प्रश्न सोपा होतो.

पुढे काय झाले?

पुढच्या पावसाळ्यात मी वहिनींना रोज विचारत होतो. जून गेला, पाणी आले नाही. जुलैचे दोन आठवडे गेले, पाणी आले नाही. मी मनात खूश झालो. मग एका रात्री मोठी भरती आणि मोठा पाऊस एकदम आले. गल्लीत पाणी चढले आणि त्यांच्या उंबऱ्याला लागले. मी छत्री घेऊन धावलो. त्या दारात कंदील घेऊन उभ्या होत्या.

मी म्हणालो, "वहिनी, माझा उपाय फसला."

त्या म्हणाल्या, "फसला कसा? मागच्या वर्षी पाणी चार वेळा आत आलं. यंदा पहिल्यांदाच उंबऱ्याला लागलंय, तेही आत आलेलं नाही. आता बाकीच्या अंगणांचं बघा."

त्या बरोबर बोलल्या. वीस घरांपैकी एकाने काम केले होते. त्या वर्षी आणखी तीन घरांनी अंगण फोडले. एकाने पाऊसवाफा केला. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. ते तळे दुसऱ्याच्या घरात साचू नये, एवढीच काळजी आपल्याला घ्यायची आहे.

त्या मुलीला मी भिजलेल्या पुस्तकांच्या जागी नवी आणून दिली होती. ती दहावी पास झाली. पेढे द्यायला आली तेव्हा वाफ्यातल्या अळूची पाने मागून घेऊन गेली. आईने अळूवड्या करायला सांगितले होते.

हे करून पाहा

१. आपल्या छपराची लांबी आणि रुंदी मीटरमध्ये मोजा. दोन्हींचा गुणाकार करा. आज किती मिलिमीटर पाऊस झाला ते वर्तमानपत्रात बघा आणि त्याने गुणा. आलेले उत्तर म्हणजे तुमच्या छपरावरचे लिटर. त्याला १५ ने भागा, म्हणजे हंडे निघतील.

२. पुढच्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडा. आपल्या वळचणीच्या पाण्यामागे चालत जा. ते कुणाच्या दारात जाते, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

३. त्या घरातल्या माणसाशी बोला.